गाईडची सही आणि एन.ओ.सी.



आपल्या वर्गातली मोठी मुले आता अकरावी-बारावीला पोहोचली आहेत. शुक्रवारी वर्ग सुटला की पालकांच्या घोळक्यात एकच विषय असतो, पुढे काय? कोणी पुण्याला पाठवणार, कोणी कॅनडाला, कोणाची मुलगी इथेच एज्युकेशन सिटीत. फी किती, रँकिंग कितवे, पॅकेज काय, याची खडान्‌खडा माहिती निघते. पण पदवीनंतरच्या शिक्षणाबद्दल, म्हणजे एम.एस., एम.टेक., पीएच.डी.बद्दल बोलणे निघते तेव्हा एक प्रश्न आम्हांला कधीच ऐकू आलेला नाही. तिथे मुलाची काही अडचण झाली तर त्याचे ऐकणार कोण? आणि जे ऐकणार, त्यांच्यात त्याच्यासारखा एक तरी विद्यार्थी बसलेला असेल का?

छोट्या दोस्तांसाठी आधी थोडेसे. शाळेत बाईंना उत्तर माहीत असते आणि तुम्ही ते शिकता. पीएच.डी.मध्ये ज्याचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही असा प्रश्न घेऊन चार, पाच, कधी सहा वर्षे बसायचे असते. सोबत एक मोठे शिक्षक असतात, त्यांना गाईड म्हणतात. विषय ठरला की गाईडची सही, सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल दिला की गाईडची सही, दरमहाच्या फेलोशिपच्या कागदावर गाईडची सही, आणि शेवटी थिसिस द्यायचा तेव्हाही गाईडची सही.

बहुतेक गाईड चांगले असतात. कित्येक तर घरच्या मुलाप्रमाणे जीव लावतात. प्रश्न चांगल्या माणसांचा नाहीच. आम्ही पेशाने सॉफ्टवेअरवाले. सगळा कारभार एकाच सर्व्हरवर ठेवून 'सर्व्हर चांगला आहे हो' असे आम्ही सांगितले, तर आमचे साहेब आम्हांला दारातूनच परत पाठवतील.

कतारमध्ये जुने झालेल्या पालकांना हे वेगळे समजावायला नको. नोकरी बदलायची तर आधीच्या मालकाची एन.ओ.सी. लागायची, ते दिवस आपण पाहिले आहेत. मालक भला असला तर काहीच अडत नसे, आणि नसला तर माणूस वर्षानुवर्षे अडकून पडे. २०२० च्या कायद्याने ती अट गेली. भारतातल्या अनेक विद्यापीठांत मात्र गाईड बदलायचा तर आधीच्या गाईडचे ना-हरकत पत्र आजही लागते. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याकडूनच 'आमची हरकत नाही' असे लिहून आणायचे!

नियम काय म्हणतात ते आम्ही पाहिले. यू.जी.सी.च्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत चांगल्या गोष्टी आहेत. मुलींना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे, मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही आहे. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने एका सल्लागार समितीपुढे आपले काम मांडायचे असते. पण या समितीचा निमंत्रक कोण? तर त्याचाच गाईड. काम गाईडमुळेच अडले असेल तर ते त्या बैठकीत कोण बोलणार? २०२३ च्या नियमांनी तक्रार निवारण समित्या आणि त्यांच्यावर लोकपाल आणले. त्या समितीत प्राध्यापक सदस्य आहेत आणि विद्यार्थी एक, तोही विशेष निमंत्रित. त्याला विद्यार्थी निवडून देत नाहीत, त्याचे गुण किंवा खेळातली कामगिरी बघून वरून नेमतात. खेळात पदके मिळवणाऱ्या मुलाबद्दल आमच्या मनात आदरच आहे, पण लॅबमध्ये सहा महिने फेलोशिप न आलेल्या मुलीचे गाऱ्हाणे त्याने का आणि कसे मांडावे?

काही पालक म्हणतील, मुलांनी अभ्यास करावा, निवडणुका आणि राजकारण कशाला? ही भीती पोकळ नाही. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि पुढे महाराष्ट्रात या निवडणुका बंदच झाल्या. आमच्या वयाचे बहुतेक पालक त्यानंतर कॉलेजात गेले. आमच्या वेळी ज्याला सर्वांत जास्त मार्क तो वर्गाचा प्रतिनिधी, आणि तो बिचारा सबमिशनच्या फाइलीतून डोके वर काढत नसे! २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका पुन्हा आणल्या खऱ्या, पण २०१९ मध्ये ठरलेल्या पुढे ढकलल्या गेल्या आणि मागोमाग करोना आला. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार संशोधक विद्यार्थ्याला उमेदवारीची वयोमर्यादा २८ वर्षे आहे. एम.एस्सी. करून, दोन-तीन वेळा नेट देऊन, मध्ये कुठे तासिका तत्त्वावर शिकवून जो सत्ताविसाव्या वर्षी पीएच.डी.ला लागतो, त्याच्या खऱ्या अडचणी सुरू होतात तेव्हा त्याचे वय उलटलेले असते.

मग हाती उरतो रस्ता. देशाची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०१९ मध्ये २५,००० वरून ३१,००० रुपये झाली, ती देशभरचे संशोधक रस्त्यावर आल्यावर. २०२३ पासून ती ३७,००० आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी मुलांनी आझाद मैदानात आणि पुण्यात धरणी धरली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तर पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल झाला. त्या मुलांचा एक प्रतिनिधी फेलोशिप ठरवणाऱ्या टेबलापाशी बसलेला असता, तर त्यांना प्रयोगशाळा आणि ग्रंथालय सोडून मैदानात बसावे लागले नसते, असे आम्हांला वाटते.

फेलोशिपचे पैसे थांबले की काय होते, हे बघायला आंबेडकरांचे उदाहरण पुरेसे आहे. बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला पोहोचले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके बोट बुडाल्याने गेली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कोणी देईना. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत घेतली, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. त्यांनी ते निभावले म्हणून आपण कौतुक करतो. अशाच कारणाने परतलेल्या आणि पुन्हा न जाऊ शकलेल्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

त्याच कोलंबियात नोव्हेंबर २०२१ मध्ये शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम करणारे विद्यार्थी सुमारे दहा आठवडे संपावर होते. अमेरिकेत २०१६ पासून अशा विद्यार्थ्यांना कर्मचारी मानले जाते, त्यामुळे त्यांची रीतसर संघटना होती. जानेवारी २०२२ मध्ये करार झाला. पगार वाढला, आणि छळाची तक्रार विद्यापीठाबाहेरच्या त्रयस्थ लवादापुढे नेण्याची सोय झाली. आम्हांला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

संप सगळीकडे व्हावेत असे आमचे म्हणणे नाही. मागणे साधे आहे. संशोधक विद्यार्थ्यांचा त्यांनीच निवडलेला एक माणूस विद्यापीठाच्या अधिसभेत आणि तक्रार समितीत मतासह असावा, आणि गाईड बदलण्याचा अर्ज गाईडकडे न जाता विभागाबाहेरच्या कोणाकडे जावा. फेलोशिप दरमहा वेळेवर जमा व्हावी हे मागावे लागते याचेच नवल वाटते.

पुणे विद्यापीठाचे अभ्यासक्रम २०२१ पासून दोह्यातच शिकवले जातात, म्हणजे ते विद्यापीठ आता आपल्या शेजारचे झाले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा नात्यातला किंवा ओळखीतला कोणी पीएच.डी. करत असेल तर त्याला 'कधी संपणार रे?' असे विचारू नका. शेवटची फेलोशिप कोणत्या महिन्याची आली, आणि मागच्या पाच वर्षांत त्याच्या विभागात गाईड बदलून मिळालेला एक तरी विद्यार्थी आहे का, हे विचारा. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी हेच दोन प्रश्न त्या विद्यापीठातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांनाही विचारा, माहितीपुस्तकात त्यांची उत्तरे मिळणार नाहीत.