सुईचे अर्थशास्त्र

माझे थोरले चुलतभाऊ कित्येक वर्षे धाप लागली की तालुक्याच्या गावी जाऊन ‘सुई’ घेत. सोबत खोकल्याचे औषध, प्रतिजैविके आणि पुडीत बांधलेल्या बिननावाच्या गोळ्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या, हे मांडीचे हाड मोडल्यावर कळले. फुंकर मारून फुप्फुसाची शक्ती मोजण्याची साधी चाचणी, स्पायरोमेट्री, एकदाही झाली नव्हती.

डॉक्टरला दूषणे देऊन मोकळे होणे सोपे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोष अन्यत्र दिसतो. वैद्यकसेवेत ग्राहकाला विक्रेत्याइतके ज्ञान नसते, म्हणून तेथे बाजाराचे नियम लागू पडत नाहीत, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये मांडले. सुईचे पैसे मागता येतात. विडी सोडा, चुलीचा धूर टाळा, पंप असा ओढा, या समजावणीचे कोण देतो? रुग्णच सुई मागतो, असे डॉक्टर म्हणतात. ते खोटे नाही. ज्याला उद्या रोजावर जायचे आहे तो आजची धाप थांबवणारेच मागणार.

वस्तुतः पंपाच्या एका झोताला साल्बुटामॉलचे १०० मायक्रोग्रॅम पुरतात. तेच औषध गोळीतून ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसपट, पोटात जाते आणि छातीत धडधड, हातांत कंप घेऊन येते. थिओफिलिनची मात्रा किंचित चुकली तरी हृदयाची लय बिघडते. आजार उफाळला तर स्टेरॉइडच्या गोळ्या बहुधा पाच दिवस पुरे होतात. शहरातील सुखवस्तू रुग्णाची तऱ्हा निराळी. त्याला गरज नसतानाही स्टेरॉइडयुक्त महागडा पंप मिळतो. त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे २००७ पासून ठाऊक आहे. एकाला स्वस्त चूक, दुसऱ्याला महाग चूक, एवढाच काय तो वर्गभेद!

औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करा, असे हाथी समितीने १९७५ मध्ये सुचवले होते. ती शिफारस आपण सभांतून पुष्कळ घोकली. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधसाठ्याची नोंदवही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? साल्बुटामॉलचा पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो केंद्रात बारमाही मिळावा, स्पायरोमेट्रीचे यंत्र निदान तालुक्याच्या रुग्णालयात असावे, आणि पंप ओढण्याची रीत परिचारिकेने प्रत्येक भेटीत तपासावी, अशी मागणी ग्रामसभेत ठराव करून लावून धरता येईल. पगारी डॉक्टरला सुईवर कमाई करायची नसते; म्हणून आरंभ तेथूनच व्हावा.

चुलतभाऊ आता पंप ओढतात. मात्र तो त्यांना आजही दुकानातूनच विकत आणावा लागतो.