बेंच कोणी पोसायचा?

आयटीचं काम अमेरिकेतून भारतात का येतं, याचं उत्तर आपल्याकडे शेंबडं पोरही देईल: पगार कमी. ते खरं आहेच. पण मला वाटतं, कंपन्यांना स्वस्त माणसापेक्षाही जास्त हवा असतो तो हवा तेव्हा घेता येणारा आणि नको तेव्हा सोडता येणारा माणूस.

वायटूकेचंच घ्या. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं. २००० उजाडलं की संगणक ते १९०० समजणार. बँकांना, विमा कंपन्यांना लाखो ओळी तपासून हव्या होत्या. मुदत हलणार नव्हती आणि काम संपलं की ते करणाऱ्यांची गरजही संपणार होती. अशा कामासाठी कायमची भरती कोण करतं? इकडे इंजिनिअर होते, इंग्रजी होतं आणि १९९०च्या सुमारास पुणे, बंगळूर, भुवनेश्वरला निघालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांमुळे उपग्रहाची जोडणीही होती. त्या कामातून भरवसा बसला, तशी माणसं अशी घेण्या-सोडण्याची सवयही लागली.

आज क्लायंटने वीस जावा डेव्हलपर मागितले की सर्व्हिस कंपनी बेंचवरून, म्हणजे प्रोजेक्टविना पगारावर बसवून ठेवलेल्या माणसांतून, काढून देते. तीन महिन्यांनी बजेट आटलं की क्लायंटचा एक मेल येतो. तिकडे नोकरकपातीची बातमी होत नाही, कुणाला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. इकडे पुण्याच्या हिंजवडीत मात्र पोरं ‘रिलीज’ होतात, प्रोजेक्टचा अ‍ॅक्सेस बंद होतो आणि नव्या प्रोजेक्टसाठी मॅनेजरांच्या मागे फिरणं सुरू होतं. टीसीएसने २०२५ मध्ये नियमच केला: वर्षाला किमान २२५ दिवस क्लायंटला बिल लावता येईल असं काम हवं, बेंचवर फार तर ३५. क्लायंटने टाळलेली जोखीम अशी पायरी-पायरीने उतरत पंचविशीतल्या पोरांच्या गळ्यात पडते.

काम इकडे येण्याचं आणखी एक कारण सांगतात ते घड्याळातल्या फरकाचं; त्याचं कौतुक मला कधीच पटलं नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. ‘तुम्ही झोपता तेव्हा आम्ही राबतो’ हे सेल्सच्या स्लाइडवर शोभतं. प्रत्यक्षात तेही जागे आणि आपणही कॉलवर.

सोडता येणारा माणूसच हवा असतो, तर मग बार्कलेज, डॉइश बँक या बँकांनी पुण्यात स्वतःची केंद्रं का थाटली? कारण बँकेच्या पोटातली माहिती कंत्राटावरच्या माणसाबरोबर निघून गेलेली परवडत नाही. जे काम जिवाभावाचं, त्याला स्वतःचं पगारपत्रक, बाकीचं कंत्राटावर. दोन्हीकडे माणूस पुण्याचाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी परदेशी पाठवलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर सुचवणारं विधेयक मांडलं. असा कर लागलाच तर स्वस्ताईचं गणित बिघडेल. पण म्हणून तिकडची कंपनी ओहायोत स्वतःचा बेंच पोसायला लागेल, असं मला वाटत नाही. ती आधी आपल्या सर्व्हिस कंपनीला बोलावून दर उतरवून मागेल.