रडून मोकळे होणारे प्रेक्षक

पवित्र शुक्रवारी धर्मग्रामांतून प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक होते. आसूड कडाडतात, क्रूस उचलला जातो, प्रेक्षक स्फुंदतात आणि घरी जातात. एखाद्या पात्राने मध्येच थांबून प्रेक्षकांना प्रश्न विचारावा, असे सुचविले की आक्षेप येतो : ही नास्तिक ब्रेख्तची एपिक रंगभूमी, ख्रिस्ती समाजाला ती कशाला? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त (१८९८–१९५६) मार्क्सवादी होता, हे खरे. प्रेक्षकाने भावनेत वाहून न जाता निवाडा करावा, म्हणून त्याने निवेदक, गाणी, फलक यांनी कथानक मुद्दाम खंडित केले. पण नाथान संदेष्ट्याने दुसरे काय केले? गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याने दावीद राजाकडूनच निकाल वदवून घेतला आणि मग अपराधी राजाच असल्याचे दाखविले. दयाळू शोमरोनीच्या दृष्टान्ताअखेर प्रभूनेही शास्त्र्याला रडविले नाही. खरा शेजारी कोण, हे त्यालाच ठरवावयास लावले.

मराठी रंगभूमीने ही रीत केव्हाच आपलीशी केली. ब्रेख्तच्या नाटकांवरून व्यंकटेश माडगूळकरांनी ‘देवाजीने करुणा केली’, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) लिहिले. माडगूळकरांनी निवडलेल्या मूळ नाटकात देव भल्या माणसाच्या शोधात पृथ्वीवर येतात. हा शोध आपल्याला परका कसा?

आणि सोनपेठच्या माणसाला तर यासाठी जर्मनीकडे पाहण्याचेही कारण नाही. शेजारचे गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. एकनाथांचे भारूड या मराठवाड्याचेच. भारूड करणारा सोंग घेतो आणि सोंगाबाहेर येऊन श्रोत्यांना त्याचा अर्थही सांगतो.

तेव्हा पिलात हात धुतो तिथे नाटक थांबू द्या. निवेदकाने विचारावे : शेतमजुराची मजुरी बुडाली, तेव्हा आपण कोणत्या पाण्याने हात धुतले? याने भक्तीचा भंग होईल, असे कोणी म्हणेल. जी भक्ती एका प्रश्नाने भंगते, ती नाटकाच्या अश्रूंनी टिकणार आहे काय? कालवारीच्या वाटेवर रडणाऱ्या यरुशलेमच्या स्त्रियांना प्रभूने स्वतःसाठी नव्हे, तर त्यांच्या स्वतःसाठी आणि मुलाबाळांसाठी रडावयास सांगितले. आपले नाटक नेमके हेच सांगावयाचे विसरते.