कळंब्यापासून पंचगंगेपर्यंत

किर्लोस्कर वसुंधरा चित्रपट महोत्सवामुळे नदीवरचे लघुपट कोल्हापूरकरांना नवे नाहीत. आता ते इथल्या पोरापोरींनी स्वतः करावेत आणि गावाने त्यांची स्पर्धा भरवावी, असे आम्हांला मनापासून वाटते. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या कोल्हापुरात आज खिशाखिशात कॅमेरा आहे.

विषय तर दारातच आहे. कात्यायनीच्या डोंगराचे पाणी कळंबा तलावात येते. तलाव भरला की ते सांडव्यावरून जयंती नदीत उतरते आणि शहराचे सांडपाणी अंगावर घेत पंचगंगेला मिळते. तलावाच्या काठी फिरायला सगळे येतात; त्याच पाण्याच्या पुढच्या वाटेवर मात्र नाकाला रुमाल! या वाटेवर लोक पोहत असते, तर ही घाण खपली नसती; पोहण्याची मजा आणि पाण्याची राखण वेगळ्या काढताच येत नाहीत. जिथे माणसे रोज पोहतात, तिथे घाण सोडली की लगेच ओरड होते.

म्हणून पाच मिनिटांचाच लघुपट करा. पोहायला कुठे शिकलात, हे आजोबांना विचारा. सांडव्यापासून संगमापर्यंत चालत जा. पाण्यात उतरताना पट्टीचा पोहणारा सोबत हवाच. निवडक लघुपट पंचगंगा घाटावर पडदा लावून दाखवा आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवा.