राखीव पाच आणि एक गुडघा

कबड्डीत मैदानावर ७ खेळाडू आणि बाहेर ५ राखीव. गावोगावच्या संघांत हे ५ बहुधा नावापुरतेच असतात. केळापूर तालुक्यातल्या संघांनी त्यांच्याकडे आरोग्याच्या नजरेने पाहायला हवे.

चढाईपटूचा घोटा पकडला जातो, शरीर वळते आणि सारा पीळ गुडघ्यावर येतो. ‘कट्’ असा आवाज झाला आणि काही तासांतच गुडघा सुजला, तर आतला अस्थिबंध फाटल्याची शक्यता मोठी. राखीव खेळाडू नसला, की त्यालाच पट्टी बांधून पुन्हा उतरवले जाते. मग गुडघ्यातली कूर्चाही फाटते. शस्त्रक्रिया झाल्यास पुन्हा खेळायला किमान ९ महिने लागतात. तोवर त्याच्या वाट्याची शेतीची कामे कोण करणार?

‘लहान गावाने १२ जण आणायचे कुठून?’ हा प्रश्न रास्तच आहे. दोन गावांनी मिळून एक संघ करावा. मात्र राखिवांत दोन चढाईपटू आणि एक कोपरारक्षक सरावातले असावेत. सुजलेल्या गुडघ्याला मालिश नको. बर्फ लावावा, विश्रांती द्यावी आणि पांढरकवड्याचे सरकारी रुग्णालय गाठावे. हुकलेला चषक पुढच्या वर्षीही जिंकता येतो.