पेंढा भरलेला रेडिओ

पूर्वीच्या संस्थानिकांना वाघ मारायची आणि मारून झाल्यावर त्यात पेंढा भरून तो दिवाणखान्यात उभा करायची हौस होती. आल्यागेल्याने दचकावं, एवढाच त्या वाघाला उरलेला धंदा. पुढे संस्थानं गेली, १९७२ च्या कायद्याने वाघही सुटले. पण हौस काही सुटली नाही. ती आता रेडिओवर आली आहे.

मी व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल बोलतोय. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, त्याखाली आकड्यांची काच, हस्तिदंती रंगाची चार बटणं, अशी जी वस्तू एकेकाळी घरातल्या कर्त्या पुरुषासारखी फळीवर बसून असे आणि जिच्या डोक्यावर भरतकामाचा रुमाल असे, ती. हल्ली ती नव्या फ्लॅटमध्ये दिसते, कॅफेमध्ये दिसते, लग्नाच्या फोटोंमागे 'जुना काळ' म्हणून उभी केलेली दिसते. मी हरखून जवळ जातो आणि मागे वाकून बघतो. माणसाची ओळख करून घेताना मागून बघणं शिष्टसंमत नाही, पण रेडिओची ओळख मागूनच होते. आणि मागे बघावं तर पोट रिकामं!

परवा भाच्याच्या नव्या घरी हेच झालं. "मामा, ओरिजिनल पीस आहे हं!" त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"आतलं काय केलंस?"

"होतं काहीतरी जुनं, गंजकं. सुताराने काढून टाकलं."

सुताराने! रेडिओचं पोट सुताराने काढलं! अरे, दाढ काढायला तू न्हाव्याकडे जाशील का? (पूर्वी जात असत, ते सोडा.) मी बटण फिरवलं. आत काडेपेटीएवढी एक हिरवी चकती आणि पुरीएवढे दोन स्पीकर. पेटीतून एक परकी बाई इंग्रजीत म्हणाली, की ब्लूटूथ जोडलं गेलं आहे. जणू देवळात गेलो आणि गाभाऱ्यातून तिकीट खिडकीवरच्या बाई बोलल्या.

आत 'काहीतरी जुनं' होतं म्हणे. काय होतं ते सांगतो. पाच व्हॉल्व्हच्या सेटमध्ये पाच जणांचं एक एकत्र कुटुंब राहत असतं. पहिला दारावर उभा. एरियलमधून शेकडो स्टेशनं घुसायला बघतात, त्यातलं तुम्हाला हवं ते आत घ्यायचं आणि त्याचे कपडे बदलायचे. म्हणजे स्टेशन कुठल्याही फ्रीक्वेन्सीचं असो, त्याला ४५५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या एकाच ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणायचं. ही युक्ती आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन माणसाने १९१८ साली काढली आणि पुढे रेडिओवाल्यांचं अख्खं जग तिच्यावर जगलं. दुसरा त्या पाहुण्याला खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करतो. तिसरा लहरीपासून आवाज सोडवून घेतो, गव्हातले खडे निवडावेत तसा. चौथा अंगाने दांडगा, तो स्पीकर हलवतो. आणि पाचवा त्या घरातली आई. भिंतीतून येणारी उलटसुलट वीज सरळ करून सगळ्यांना वाढायचं. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण ती बसली की घर बसलं.

१९५५-५६ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण लागत होतं, तेव्हा ते महाराष्ट्राने याच पाच जणांच्या तोंडून ऐकलं. जगातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत बाजारात येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. आपल्याकडे पत्ताही नव्हता. गदिमा आणि बाबूजी घराघरांत पोचले ते या काचेच्या नळ्यांतून. त्या नळ्या पुढे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागल्या. त्या पोत्यात भरून भंगारवाल्याला, आणि पेटी मात्र कोनाड्यात! वडिलांचा कोट जपायचा आणि वडिलांना बाहेर बसवायचं, त्यातलाच हा प्रकार.

इथे कुणी तरी हमखास टाळ्या वाजवतं. "बरोबर आहे तुमचं! व्हॉल्व्हचा आवाजच वेगळा! काय ती ऊब!" हा दुसरा पंथ. सुतारवाल्यांपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. सुतारवाल्याला निदान आपण काही पुण्य करतोय असा भास होत नसतो. हे लोक हजारो रुपयांची वायर घेतात आणि डोळे मिटून ऐकतात. वायरीला दिशा असते असं सांगतात. असेल बुवा. भिंतीच्या आत बिल्डरने घातलेली वायर कुठल्या दिशेची आहे, हे मात्र त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

या उबेचा एकदा सोक्षमोक्ष लावूच. ई.एल. ८४ नावाचा जो दांडगा चौथा व्हॉल्व्ह, तो एकटा जास्तीत जास्त साडेपाच वॅटच्या आसपास ताकद देतो, आणि ती देताना आवाजात १० टक्के भेसळ होते. हे माझं म्हणणं नाही, बनवणाऱ्यांनीच कागदावर छापलंय. दुधात एवढं पाणी निघालं तर आपण गवळी बदलतो. आता ही भेसळ गोड का लागते? कारण व्हॉल्व्ह सा वाजवताना त्यात थोडा वरचा सा मिसळतो, थोडा त्याच्याही वरचा पंचम. म्हणजे स्वतःचा एक बारीकसा तंबोरा लावूनच तो गातो. त्यात मीडियम वेव्हच्या स्टेशनांमध्ये अंतर ९ किलोहर्ट्झचं, त्यामुळे वरचे चिरके आवाज रेडिओपर्यंत येता येताच छाटले जातात. त्यात मोठा स्पीकर आणि लाकडाची पेटी. झाली ऊब तयार. मला ती आवडते. पण मला भजीही आवडतात, म्हणून मी तिला औषध म्हणत नाही. ज्याला चोख आवाज हवा त्याने आजचा साधा अँप्लिफायर घ्यावा. चोखपणात तो व्हॉल्व्हला केव्हाच मागे टाकून गेलाय.

मग मी कशासाठी भांडतोय? उघडता येण्यासाठी. माझ्या घरात आज जेवढ्या विजेच्या वस्तू आहेत, त्यातली एक तरी मला उघडता येते का? फोनला स्क्रू नाही. टीव्ही बिघडला की सर्व्हिसवाला मुलगा येतो, त्याच्याकडे बघतो, आणि "अंकल, बोर्ड गेलाय, नवाच घ्या" असं सांगून निघतो. डॉक्टरने नाडी न बघता तिरडीची ऑर्डर द्यावी तसं. व्हॉल्व्हच्या सेटच्या मागची पुठ्ठ्याची पाठ मात्र चार स्क्रू काढले की हातात येते. कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशा बऱ्याचदा आतच चिकटवलेला. काय बिघडलंय ते नाकाला कळतं, कानाला कळतं. घूंऽऽ असा आवाज आला की वीज गाळणारा कंडेन्सर सुकला. चौथ्या व्हॉल्व्हची आतली पाटी लाल व्हायला लागली, की त्याच्या अलीकडचा कागदी कंडेन्सर गळतोय. तो लगेच बदलला नाही तर व्हॉल्व्ह जाईल, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जाईल. कंडेन्सर मिळतो चहाच्या किमतीत. तो बदलायला लागतो एक डाख. असा आजारी आणि असा डॉक्टर पुन्हा जमायचा नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. आत अडीचशेच्या आसपास व्होल्ट फिरत असतात, आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. भाच्याच्या त्या सुताराची पत्रिका चांगली असली पाहिजे. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट तर थेट भिंतीला लावूच नये. मध्ये एक साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकावा. बल्ब एकदा पेटून मंदावला तर ठीक, भसाभसा पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण असा बल्ब आता मिळवणं म्हणजे एक कामच होऊन बसलंय. तपकीर गल्लीत मी शंभर वॅटचा पिवळा बल्ब मागितला तेव्हा दुकानातल्या पोराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू कंदिलाची काच मागतोय. मालक आतून ओरडले, "अरे दे रे, रेडिओवाले आहेत!" त्या दिवशी मला पद्मश्री मिळाल्यासारखं वाटलं.

घरात हा मान नाही. आमच्या सौ.चं मत स्पष्ट आहे. "भाच्याने पोट काढलं ते बरंच केलं. निदान पेटी पुसता तरी येते." डाख देताना येणारा धूर आणि पोह्यांची फोडणी एका वेळी नको, असा आमच्यात करार आहे. मे महिन्यात सेट लावायचा असेल तर पंखा तिच्याकडे वळवायचा, असं पुरवणी कलम आहे. कारण सेट ४०-५० वॅट खातो, आणि त्यातले बहुतेक उष्णता म्हणून परत करतो. मांजर मात्र माझ्या बाजूचं आहे. थंडीत ते रेडिओवरून हलत नाही. ऊब या शब्दाचा खरा अर्थ त्या एका प्राण्याला कळलाय.

सोसायटीत तर मी बदनामच आहे. मीडियम वेव्ह लावली की हल्ली पुण्यात सर्वांत जोरात लागतं ते शेजाऱ्यांचं स्टेशन! स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सगळे चोवीस तास खरखर प्रक्षेपित करत असतात. मी हातात छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यात फिरलो आणि खरखरीचा उगम शोधला. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा! सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले, "काका, दिवा लागतोय ना? मग झालं की." रेडिओ लागत नाही हे कुठल्याच उपविधीत बसत नाही.

"पण आता लागतं काय त्यावर?" हा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले. बिनाका गीतमाला संपली, २०२४ साली अमीन सायानीही गेले. मान्य. पण म्हणून पोट काढायला कुणी सांगितलं? अहो, बहुतेक सेटच्या मागे दोन भोकं असतात, ग्रामोफोनसाठी. फोनचा आवाज त्यातून आत सोडा, की तो तिसऱ्या-चौथ्या व्हॉल्व्हमधून थेट गायला लागतो. फोनला भोक नसेल तर ब्लूटूथची ती काडेपेटी मागे बाहेर लटकवा. एक वायर कापायची नाही, एक खिळा ठोकायचा नाही. फक्त सेटला आत ट्रान्सफॉर्मर आहे ना, एवढं जाणत्याकडून बघून घ्या. काही सेटची आतली पत्र्याची बैठक थेट विजेला जोडलेली असते. तिथे ग्रामोफोनची भोकं म्हणजे यमाची नाकपुडी.

म्हणजे ज्यासाठी खून केला, ते खुनाशिवाय मिळत होतं! भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, बटण लावल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं ना?" लागतं. आधी आकड्यांच्या काचेमागे पिवळा उजेड येतो. मग आत पाच ठिणग्या तांबूस होतात. मग जादूचा हिरवा डोळा किलकिला होतो आणि स्टेशन नेमकं लागलं की मिटायला येतो. ज्या माणसाला लिफ्टसाठी तीन मिनिटं थांबता येतं, त्याला हे अर्धं मिनिट जड का जावं?

आणि सुटे भाग मिळत नाहीत, ही तर निव्वळ सबब आहे. ई.एल. ८४ आणि ई.सी.सी. ८३ रशियात आणि स्लोव्हाकियात आजही बनतात. ही जगातल्या गिटारवाल्यांची कृपा. ते त्या भेसळीवर आपल्यापेक्षा जास्त पैसे उधळतात. बाकीचे व्हॉल्व्ह सहसा जातच नाहीत, जातात ते कंडेन्सर. मिळत नाहीत ते फक्त मूळ ट्रान्सफॉर्मर, गुंडाळलेल्या कॉइली आणि त्या हिरव्या डोळ्यातली चमक. नेमकं तेच सुतार पोत्यात भरतो.

तेव्हा ज्यांचा पेंढा भरायचा निश्चय झालेलाच आहे, त्यांना माझी एवढीच विनंती, की काढलेलं पोट फेकू नये. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून, व्हॉल्व्ह वेगळे काढून, जाड पिशवीत घालून पाठवून द्यावं. कॉइलींच्या पत्र्याच्या टोप्यांना धक्का लागू देऊ नये, आणि आकडे फिरवणारी दोरी तुटली असली तरी तिची कप्पी हरवू नये. रिक्षाचं भाडं मी देईन. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पाठवावं. त्या वेळी सौ. झोपलेली असते.