तार डोक्यावर, गणित वहीत

झाशी स्थानकात कुठल्याही फलाटावर उभं राहून मान वर केली की तांब्याची तार दिसते. रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंच, जाडी जेमतेम बारा मिलिमीटर आणि दाब २५,००० व्होल्ट. हे शहर रेल्वेचं आहे. विद्युत इंजिनांची शेड इथे, मालडबे दुरुस्त करणारा मोठा कारखाना इथे. २००३पर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेत होता आणि झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकर घराण्याच्या काळापासून मराठी घरं इथे नांदत आली आहेत. अशा गावातली बारावीची मुलं भौतिकशास्त्रात ‘अनंत लांबीच्या सरळ प्रभारित तारेभोवतीचं विद्युत क्षेत्र’ शिकतात आणि त्या तारेचा डोक्यावरच्या तारेशी काही संबंध आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

परीक्षेला सिद्धता येते. तारेभोवती नळकांडं कल्पायचं, गाऊसचा नियम लावायचा, क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात येतं हे दाखवायचं, चौकट काढायची. महाराष्ट्र असो वा उत्तर प्रदेश, दोन्हीकडे हीच तऱ्हा. प्रात्यक्षिकाच्या वहीत रोध असतो, मीटर-सेतू असतो, भिंगं असतात. स्थिर विद्युतचा प्रयोग सहसा नसतोच. मग तारेभोवतीचं क्षेत्र किती हा आकडा मुलांच्या हाती कधी पडणार?

तो काढणं अवघड नाही. एकच तार धरू, जमीन सपाट आणि वाहक मानू. तार जमिनीच्या जितकी वर, तितकीच खाली तिची विरुद्ध प्रभाराची प्रतिमा आहे असं समजलं की लॉगॅरिथमच्या एका पायरीत उत्तर येतं. मीटरभर तारेवरचा प्रभार एका मायक्रोकूलॉमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तारेच्या पृष्ठभागाशी क्षेत्र मीटरला सुमारे साडेपाच लाख व्होल्ट, एक मीटरवर साडेतीन हजारांच्या आसपास, जमिनीशी बाराशे. तार प्रत्यावर्ती विजेची असली तरी प्रत्येक क्षणी हेच गणित लागू पडतं. फक्त शिखराला आकडे १.४ पट होतात. हवा फुटायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट लागतात, म्हणून तार शांत लटकत राहते. २५,०००ला साडेपाचने भागून ‘जमिनीशी साडेचार हजार’ असं उत्तर देणारा मुलगा जवळपास चौपट चुकतो. तारेजवळ क्षेत्र दाटतं आणि दूर विरळ होतं हे त्याला त्या चुकीतून जितकं कळेल तितकं पाठ केलेल्या सिद्धतेतून कळणार नाही.

पण खरा धडा याच्या पुढे आहे. हेच सूत्र तारेपासून तीन सेंटिमीटरवर लावलं तर क्षेत्र मीटरला सुमारे एक लाख दहा हजार व्होल्ट येतं. तीस लाखांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. आता उभ्या मालगाडीच्या डब्यावर फोटोसाठी चढलेला तरुण पाहा. डब्याचं छत रुळांपासून चार मीटरच्या आसपास, त्यावर हा उभा राहिला की डोकं थेट तारेच्या उंचीला. पायाखालचं लोखंड जमिनीशी जोडलेलं, त्यामुळे त्याचं शरीर म्हणजे उंचावलेली जमीनच. त्याने हात वर करताच तारेवरचा प्रभार हलतो, बोटाच्या टोकाशी विरुद्ध प्रभार गोळा होतो आणि पूर्ण २५,००० व्होल्ट त्या तीन सेंटिमीटरांत येऊन कोंबले जातात. सरासरीच मीटरला आठ लाखांवर, शिखराला जवळपास बारा लाख आणि बोटाच्या टोकाशी त्याच्याही कित्येक पट. हवा फुटते. तारेला हात लागलेलाच नसतो.

सूत्र खोटं नव्हतं. ते एकट्या तारेचं होतं, शेजारी कुणी नसताना. ‘अनंत लांबीची’, ‘एकटी’, ‘समान प्रभारित’ हे शब्द प्रश्नाच्या सुरुवातीला येतात आणि मुलं ते ओलांडून थेट सूत्राकडे धावतात, कारण गुण सूत्राला असतात. माझ्या मते भौतिकशास्त्र त्याच शब्दांत आहे. गृहीतक कुठे संपतं हे ज्याला कळलं त्याला विद्युत क्षेत्र कळलं. बाकीच्यांना चिन्हांची उलथापालथ कळली.

तारेला हात न लागताही हवा फुटू शकते, ही गोष्ट मुंबईतही महत्त्वाची ठरली. १९२५पासून लोकल १,५०० व्होल्टवर धावत होती. तेवढ्या दाबाला हवेतली फट मिलिमीटरभरही ओलांडता येत नाही. अलीकडे तिथेही २५,००० व्होल्ट आले, तेव्हा छतावरून जाणाऱ्यांचा ‘तारेला शिवलं नाही म्हणजे झालं’ हा जुना हिशेब जीवघेणा ठरला. दाब सतराहून थोडा कमी पटीने वाढला आणि स्पर्शाची अटच उरली नाही.

शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो, मंडळाची प्रश्नपत्रिका डोळ्यांपुढे असते. तेव्हा बदल प्रश्नपत्रिकेतून यावा. सिद्धतेच्या गुणांपैकी निम्मे आकडा काढायला आणि तो कधी लागू पडत नाही हे सांगायला ठेवावेत. झाशीच्या लोको शेडमधल्या एखाद्या अभियंत्याने वर्षातून एकदा शाळेत तासभर येऊन तारेचं मोजमाप फळ्यावर लिहावं. पुढचं गणित मुलं करतील. रेल्वेचा नियम सांगतो की चालू तारेच्या दोन मीटरच्या आत जायचं नाही. हवा फुटायला काही सेंटिमीटर पुरतात, तर मग दोन मीटर कशासाठी? हातातला गज, घसरलेला पाय, वाऱ्याने हललेली तार यांतलं काय काय त्या दोन मीटरांत धरलं असेल, हे आकड्यांनिशी लिहा, असा प्रश्न बारावीच्या पेपरात पाच गुणांना यायला हवा.